नदीपलीकडचा मतदार

...नाही, तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं ज्या माणसानं काबुगनानच्या बाजारात एकाच जागी बसून सुकी मासळी विकली, डोळे मिटून चालणाऱ्यालाही ज्याच्या वासावरून कळतं की नोंग सेल्मो, म्हणजे सेल्मोदादा आले, त्या माणसाला विचारायचं, 'तुम्ही या गावचे कशावरून?' नगरपालिकेनं नवी मंडई बांधली, छान बांधली, फरशी काय, नळ काय, पण गाळा मिळणार कुणाला, तर ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत असेल त्याला. तसा दाखला निवडणूक कचेरीतून आणायचा, उठावाचा शिक्का मारलेला, बोट फिरवलं की टोचला पाहिजे असा, आणि शुक्रवारी पाचच्या आत खिडकीवर द्यायचा. पाच वाजून गेले की गाळा दुसऱ्याला. आता मी गिऱ्हाइकं सांभाळू की कागद? राहिलं शुक्रवारपर्यंत. माझं काय चुकलं?

सकाळी आठला गेलो तर पुढे बेचाळीस माणसं. कुणाला पासपोर्टसाठी दाखला हवा, कुणाला बँकेसाठी. दहाला वीज गेली. अकराला आली तर छपाईयंत्र रुसलेलं. दुपारी बायको, आमची मिंडा, भात घेऊन आली, माझा चेहरा बघितला आणि तीही माझ्याजवळ रांगेत उभी राहिली. तीनला पाल्मारेस मॅडम, म्हणजे कचेरीच्या मुख्य, ज्यांच्या सहीशिवाय शिक्का हलत नाही, त्या मेरिएन्दाला बसल्या. तीनच्या खाण्याच्या आड कोण येणार, मी तर स्वतः दुकान टाकून खायला उठतो. पण काचेतून दिसत होतं हो सगळं... एक तळलेलं केळं माणसानं किती वेळ चावावं?

चार वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर. खिडकीतली मुलगी गोड आवाजात म्हणते, "नोंग, तुमचं नाव नाही."

"नाही म्हणजे? नीट बघ, बाळ. गेल्याच महिन्यात पावशेर सुकट घेऊन गेलीस माझ्याकडून."

"सुकट चांगली होती, नोंग. पण नाव नाही."

मागे मिंडा गप्प. मिंडा गप्प राहिली की मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटते, कारण तिला माहीत होतं, आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं, मलाही माहीत होतं.

झालं होतं असं, की रुफो, माझ्या थोरल्याचा धर्मपिता, म्हणजे माझा कुम्पारे, नदीपलीकडे तिनागोला राहतो. तिथे तो वस्तीच्या कप्तानपदाला उभा राहिला. घरी आला, मिठी मारली, म्हणाला, "पारे, तुझं नाव तेवढं माझ्या पत्त्यावर घाल. निवडणूक झाली की आपोआप परत येतं." ज्यानं आपलं लेकरू बाप्तिस्म्याला हातात धरलं, त्याला नाही म्हणता येतं? तुम्ही म्हणाल? मिंडा म्हणाली. तोंडावर म्हणाली, "भावजी, माझं मत होडीत बसत नाही, त्याला मळमळतं." मी मात्र गेलो. आम्हा एकोणीस जणांना नेलं त्यानं पलीकडे, आणि अकरा मतांनी पडला. माझं काय चुकलं?

तर खिडकीतली मुलगी उठून मॅडमना घेऊन आली. मॅडमनी जिल्ह्याची यादी उघडली, चष्मा नाकावर खाली ओढला.

"सापडलात, नोंग. तुम्ही तिनागोचे मतदार. दोन वर्षांपूर्वी बदलून घेतलंय, तुमचीच सही." मग पेन उचललं, आणि अगदी हळू विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

भिंतीवर मॅडमच्या डोक्यामागेच पाटी होती: खोटा पत्ता दिल्यास कैद. इथे राहतो म्हणावं तर तुरुंग, तिथे राहतो म्हणावं तर गाळा गेला. घड्याळात साडेचार. मागची रांग कान टवकारून उभी, त्यात चर्चमध्ये गाणाऱ्या तीन बायका. मी तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं... माझ्याच टोपलीतल्या मासळीसारखं.

"तिनागोलाच राहतात," मिंडा म्हणाली. "दोन वर्षं झाली. आमचं पटत नाही."

चर्चच्या तिन्ही बायका एक पाऊल पुढे सरकल्या.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "मग आज इथे दोघं?"

"जेवायला येतात. तिथे कोण करून घालणार?"

मी नुसती मान खाली घातली. ती मान बघून, तुम्हाला सांगतो, मॅडमचं मन द्रवलं, माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. पेन खाली ठेवलं.

"आता माझा दाखला करा," मिंडा म्हणाली. "मी इथेच मतदार आहे, लग्नाआधीपासून."

सहा मिनिटांत झाला. यंत्र चाललं, सही झाली, शिक्का टोचला. चार वाजून चाळीस. तीनचाकी पकडून आम्ही नगरपालिकेत गेलो, पूल तुंबलेला, शेवटचं अंतर पळालो, ती पुढे आणि मी मागे, आणि पाचला तीन मिनिटं असताना खिडकीत कागद गेला. गाळा मिळाला. तिच्या नावावर. माझं नाव अर्जावर आहे, नाही असं नाही... 'मदतनीस' या रकान्यात.

मला वाटलं, संपलं. पण त्या तीन बायका काय घरी जाऊन गप्प बसणार होत्या? संध्याकाळी दिवे लागायच्या आत फादर दारात. मला बाजूला बसवलं, संसार म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं, मी खालमानेनं ऐकलं, कारण खरं सांगावं तर कैद आणि पाद्र्यासमोर खोटं बोलावं तर नरक. मग ते मिंडाकडे वळले, म्हणाले, "मुली, झालं गेलं विसर. याला परत घरात घे."

मिंडानं खाण्याची थाळी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "विचार करून सांगते, फादर."

त्याला आता चार महिने झाले. परवा विचारलं तिला. अजून विचार चालू आहे म्हणते.