ढोबळ्या मिरचीतली पाठराखीण

— नको, तो पंप नको चढवू पाठीवर. खाली ठेव. ठेव म्हणते ना! औषध कालवलं नाय ना अजून? नाय? मग देवच पावला. बस इथे पडवीत, चहा टाकलाय. प्रीतम ना तू, बोईसरचा फवारणीवाला? विहीणबाईंनीच बोलावलंय तुला, मला ठाऊक हाय. त्या झोपल्यात आत. हळू बोल. — मी? मी हळूच बोलते, माझा आवाजच असा हाय, आमच्या मासवणात सगळे असेच बोलतात, या शेतातून त्या शेतात ऐकू जायला नको?

मी कोण? मी रंभाबाई, हेमांगीची मावशी. हेमांगी म्हंजे या घरची सून. लग्न झालं तेव्हा तिची पाठराखीण म्हणून या शिरगावात आले — नवरी नवी, घर परकं, सोबतीला आपलं एक माणूस नको? आता पाठराखीण चार दिवस राहते आणि परत जाते, रीतच हाय तशी. मी जराशी थांबले. वैशाखात आले, आता पौष लागलाय. हसतोस काय? पाहुणी असते तर गेले असते, मी पाहुणी थोडीच हाय!

तर मुद्द्यावर येते. ही ढोबळी मिरची बग, हेमांगीची. शेतकी शिकलेली पोर ती, सासूला म्हणाली, यंदा एक तुकडा माझ्या हाती द्या, औषध न मारता पीक काढून दाखवते. सासू म्हणाली, दिला — पीक आलं तर पुढल्या सालापासून सगळी शेतीवाडी तू बघ, नाय आलं तर गुमान चुलीपाशी बसायचं, शेतीचं नाव काढायचं नाय. ठरलं. आणि आज सकाळी विहीणबाई देवाची फुलं तोडायला गेल्या, तर मिरचीच्या पानावर अळी, आणि अळीच्या पाठीवर पांढरे पांढरे तांदूळ चिकटलेले. झालं! अळी व्याली, अळी व्याली, म्हणून घर डोक्यावर घेतलं आणि तुला फोन. हेमांगी गेलीय पालघरला, तिचा फोन लागत नाय. ती येईपर्यंत तू या पडवीतून उठायचं नाय, सांगून ठेवते.

अरे, अळी कदी वितेय का? अळी म्हंजे दिव्यावर येणाऱ्या पाखराचं पोर — पोराला पोरं होतात काय? ते तांदूळ म्हंजे कोष. गांधीलमाशीची एक जात हाय, डासाएवढी, आपल्याला चावत नाय. ती अळीला टोचते आणि आपली अंडी तिच्या पोटात घालते. पिल्लं आतून अळीला खातात आणि बाहेर येऊन पांढरे कोष विणतात. म्हंजे तू औषध मारून मारणार कोणाला? आपल्याच बाजूच्या माणसांना!

पण खरी गंमत तर पुढे हाय. अळी पण काय लेचीपेची नाय. तिच्या अंगात पहारेकरी असतात म्हणे, परकं अंडं आलं की चहूकडून घेरून गुदमरवून टाकतात. मग माशी काय करते? अंड्याबरोबर एक विषाणू सोडते. — दचकू नको, करोनाची जात नाय ती, याचा माणसाला त्रास नाय. तो जातो आणि पहारेकऱ्यांना गुंगवतो, मग अंडं सुखाने नांदतं. हेमांगीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर पाठराखीण! आणि हा विषाणू माशीच्याच अंगात तयार होतो, आईकडून लेकीला मिळतो, म्हंजे अगदी माहेरचा. त्याच्याशिवाय माशीचा वंश चालत नाय, आणि माशी सोडली तर त्याला कुठे ठाव नाय, एकटा तो टिकतच नाय. ऐकून मला इतकं बरं वाटलं. म्हंजे — वाईट पण वाटलं. मासवणात माझ्या घराला कुलूप हाय रे. हे गेले, पोरबाळ नाय. माणसाने कुलपाशी बोलून बोलून किती बोलावं?

चहा घे, बिस्कीट बुडव. — तर मी पण इथे तेच केलं ना! हेमांगी उजाडताच मिरचीत जाते. सासूने बघितलं तर म्हणणार, सून चूल सोडून हिंडते. म्हणून मी बरोबर त्याच वेळी विहीणबाईंच्या डोक्याला तेल घालत बसते. दुपारी पाय चेपते. त्यांचं बोंबलाचं कालवण — खारट, अरे, नुसता समुद्र! — पण मी बोटं चाटते, म्हणते, विहीणबाई, असं कालवण उभ्या तालुक्यात नाय. की त्या फुगल्याच! आता पण पाय चेपूनच झोपवून आले, नायतर तुझ्या डोक्यावर उभ्या राहून फवारून घेतलं असतं. गावात नाव केवढं, कडक सासू म्हणून, पण तेलाच्या वाटीपुढे कोणाचं काय चालतंय? भोळं माणूस ते, जरा गोड बोललं की आडवं, अळीपेक्षा सोपं —

...विहीणबाई.

कदी उठलात? — झोपलाच नव्हतात? — नाय, खारट म्हंजे तसं नाय, मला मुळात मीठच कमी — हां. — हां. — काय म्हणता? औषध मारायचं नाय? याला परत धाडायचं? ऐकलंस रे प्रीतम, मिरची वाचली! हेमांगी नाचेल आता! विहीणबाई, तुमी म्हंजे खरंच — काय? ही पिशवी कशाला आणलीत? माझी हाय ती. पातळं पण घडी घालून भरलीत?

बरोबर हाय. नाय, रागावले नाय, बरोबरच हाय तुमचं. तेलाची वाटी कोनाड्यात हाय, लावताना कोमट करून घ्या. हेमांगीला सांगा — नको, काय सांगू नका, मीच फोन करीन. रोज करीन.

चल रे, फटफटीवर पंप पुढे बांध, पिशवी मी मांडीवर घेते. मासवणला सोड मला. तुझ्या वाटेवर नाय, ठाऊक हाय मला, तरी सोड. आणि जाताना जरा गप्प बस, मघापासून किती बोलतोयस.