रस्त्याकडचं दार

जयरामनं सांगितलं ना किल्ली हरवली म्हणून — मग हरवलीच असेल, साहेब. वॉचमन तो आहे, मी नाही. आणि त्या रस्त्याकडच्या दारात बघण्यासारखं आहे तरी काय? बाहेरून शटर, आतून काच. पायरीसुद्धा नाही, गाडी थेट दाराशी लागते — लागायची. बसा, या स्टुलावर बसा. लाइट तीनला येईल, तोवर वरचा मजला अंधारात बघून तुम्हाला काय कळणार? जनरेटर आहे हो, का नाही — पण बावीस दुकानांनी मिळून घेतलेला जनरेटर पाच दुकानं कशी पोसतील? हे बघा, हे मी बोलायला नको होतं. ललितनं सकाळीच बजावलंय मला. ललित म्हणजे तो समोरचा घड्याळवाला, तुम्हाला घ्यायला गेटावर आला होता तो. म्हणाला, नवसाबाई, आज मुंबईच्या कंपनीचा माणूस जागा बघायला येतोय, वरचं मोठं दुकान परत सुरू झालं तर आपण वाचलो, नाहीतर दिवाळीनंतर पाचही शटरं खाली — तर तुम्ही एवढं करा, गोड बोला. आता बासष्ट वर्षांत ज्या बाईला कोणी हे सांगायची हिंमत केली नाही, तिला हा कालचा पोरगा सांगतो. बोलतेय ना गोड? बोलतेच आहे.

हे माझं मॅचिंग सेंटर. साडी कुठलीही आणा, त्या रंगाचा परकर, अस्तर, फॉल, रीळ इथं मिळणार. ती भिंत बघा — नुसत्या हिरव्याचे अकरा रंग आहेत. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. आकडे शिकले टेपवर, अक्षरं शिकले पुड्याच्या कागदावर, आणि इंग्रजी शिकले रिळांच्या शेडकार्डावरून. बिल्डरनं हा मॉल बांधला तेव्हा पुण्याहून एक टाय लावलेला सल्लागार आणला होता. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला समजावलं की एक मोठं दुकान असतं, त्याच्यासाठी माणसं येतात आणि बाकीची दुकानं त्या माणसांवर जगतात. मी म्हटलं, एवढ्यासाठी पुण्याहून आलात होय? हे मला तानुबाईनं पिंपळगावच्या बाजारात पंचवीस वर्षांपूर्वी फुकट शिकवलं.

तानुबाई कासार. बांगड्या भरायची. मी तेव्हा परकरांचं गाठोडं घेऊन बाजार करायचे, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूला बसले. का? तर बांगडी काही वांग्यासारखी पिशवीत टाकून नेत नाहीत. बाईला बसावं लागतं, हात तानुबाईच्या हातात द्यावा लागतो, अर्धा-अर्धा तास — हात अडकलेला आणि डोळे मोकळे. मोकळे डोळे कुठं जाणार? माझ्या परकरांवर. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं, म्हणून एक रीत होती — तानुबाईच्या समोर कोणी बसायचं नाही. बाजूला बसा, पाठीला बसा, पण तिच्याकडे येणारी वाट मोकळी ठेवायची. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण मोडतही कोणी नव्हतं. म्हणजे — मी मोडली होती एकदा. ते जाऊ द्या.

इथं आमची तानुबाई म्हणजे ते वरचं दुकान. काय दुकान होतं, साहेब. खाली सूट-शर्ट, वर साड्या, आणि साड्यांच्या मजल्यावर चक्क गादी अंथरलेली, बस्त्याच्या लोकांसाठी. बस्ता कळतो ना? लग्नाची सगळी कापडं एका दिवशी, एका दुकानातून, नवरीच्या शालूपासून लांबच्या आत्याच्या लुगड्यापर्यंत. सटाण्याहून, पिंपळगावहून जीपा भरून माणसं यायची. जीप त्या रस्त्याकडच्या दाराशी लागायची, म्हातारी माणसं उतरायची ती लिफ्टनं थेट गादीवर, चहा यायचा, चाळीस-पन्नास साड्या निघायच्या, आणि गठ्ठे त्याच दारातून जीपमध्ये. आता चाळीस साड्या म्हणजे काय? चाळीस परकर, चाळीस फॉल. आणि ते गठ्ठे माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या दारानं निघून जातायत. म्हणजे सगळे नाही जायचे — दहातली तीन माणसं आत वळायची, पोरांना आइस्क्रीम द्यायला, फिरता जिना बघायला, आणि त्यातल्या बायका माझ्याकडे यायच्या. त्या तिघांवर माझं दुकान झकास चाललं होतं. पण मला दिसायचे ते सात.

ते का गेले म्हणता? अहो, कारण काय एक असतं. भाडं वाढलं, तिकडे नवीन मॉल झाला, भारनियमन आलं, बिल्डर हलकट — हो, हे ललितनं सांगितलंय तसंच सांगतेय मी तुम्हाला. कागद? कसला कागद? बिल्डरनं दाखवला तुम्हाला? बावीस सह्यांचा?

मग विचारता कशाला, पहिली सही कोणाची आहे ती वाचलीच असेल. नीट लिहिलंय ना नाव? मीच फिरले दुकानादुकानातून. म्हटलं, त्यांचं वेगळं दार बंद करा, सगळे मोठ्या गेटानं येऊ द्या, आमच्या दुकानांवरून जाऊ द्या. ललित नको म्हणत होता, त्याला मी भित्रा म्हटलं. तीन दिवस बिल्डरच्या ऑफिसच्या पायरीवर बसले. चौथ्या दिवशी त्यानं कुलूप लावलं. आणि त्या वर्षीची दिवाळी — साहेब, दुपारच्या जेवणाला उठायला मिळालं नाही मला. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, टायवाल्याला सुचलं नाही ते या अंगठ्याबहाद्दर बाईला सुचलं.

पुढच्या लगीनसराईत सटाण्याकडचा एक बस्ता आला. नवरीची आजी होती बरोबर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. गाडी लांब लावलेली, मोठ्या गेटापासून इथपर्यंत चालत आली आणि इथं, याच स्टुलावर धापा टाकत बसली. मी पाणी दिलं. आणि मग — सांगतेच आता — पाणी पिऊन व्हायच्या आत मी तिच्यापुढे परकर मांडले. दोन घेतले तिनं. उठताना पोराला म्हणाली, पुढच्या पोरीचा बस्ता मेन रोडच्या दुकानात बांधू बाबा, इथं लय चालावं लागतं. मी ऐकलं ते. दोन परकर विकले याच खुशीत होते मी.

त्यांचा मॅनेजर आला होता माझ्याकडे. मोठा माणूस, पण इथं उभा राहिला, तुम्हाला बसा म्हटलं तसं त्याला म्हटलंही नाही मी. म्हणाला, आजी, बस्ते तुटतायत, तेवढं दार उघडू द्या, तुम्ही हो म्हणालात तर सगळे हो म्हणतील. मी फॉल कापत होते. मान वर न करता म्हटलं, आमच्या दारावरून जायला तुमच्या गिऱ्हाइकांचे पाय झिजतात का? त्यानं नमस्कार केला आणि गेला. आठ महिन्यांनी त्यांचे टेम्पो लागले. मग कॉफीवाला गेला, मग खेळण्यांवाला, मग रोज एक शटर.

तानुबाईनंही तसंच केलं होतं. भांडली नाही. मी एकदा परकरांची दोरी तिच्या वाटेवर आडवी बांधली, म्हटलं बायका दोरीखालून वाकून जातील, तेवढंच बघतील. पुढच्या बाजारी ती बांगड्या घेऊन पार पलीकडे, मारुतीच्या पाराशी जाऊन बसली आणि सगळ्या बायका तिच्यामागे. दोन बाजार मी तिथंच बसून राहिले, माशा मारत. तिसऱ्या बाजारी गाठोडं उचललं आणि तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. बांगडी भरता भरता म्हणाली, "बस. पण वाटंत नको बसू."

तेव्हा मी पस्तिशीची होते, गाठोडं उचलायला लाज वाटली नाही. आता वाटते. शिकलेल्या बाईला जास्त वाटते.

थांबा. हा डबा हिरव्या रिळांचा, यात आहे. घ्या. जयरामला मीच सांगून ठेवलंय हरवली म्हणून सांग — बिल्डरनं कुलूप लावलं तेव्हा किल्ली माझ्याच हातात दिली होती, सांभाळा म्हणाला, हसत होता. पकडा हो, अशी चिमटीत काय धरता. कुलूप गंजलं असेल, ही मशीनच्या तेलाची कुपी न्या, चार थेंब सोडा आणि जरा दम धरा. शटर वर करा, बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि जीपमधून उतरलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं बघा आत. मग तुमची कंपनी जागा घेवो न घेवो. नाही, मी नाही येत. ललितला कोणी दिली ते सांगू नका. आणि किल्ली परत आणायची नाही.

उठा आता. गिऱ्हाइकाचं स्टूल आहे ते, अडवून बसू नका.