लोखंडाखालची चुंबळ

कुसाबाई : …आन् आय खालून वरडायची, "पाठीनं नको गं कुसे, मांड्यांनी उठ! पाठ जल्मभर पुरवायचीय." अंजनेरीची विहीर, डोक्यावर हंड्यावर हंडा, आन् मी एवढीशी. आय जाऊन किती वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात हाय बघ.

ज्योत्स्ना : जिममधला आमचा फैजान सरही हेच ओरडतो, आई. फक्त 'गं कुसे'च्या जागी 'मॅडम' म्हणतो.

कुसाबाई : आन् त्याला तू वर पैसे देतीस! पन्नाशीच्या बाईनं फी भरून वजन उचलायचं. आमाला सासरी फुकट मिळालं.

ज्योत्स्ना : चहा घ्या. थांबा, आधी उशी सरळ करते. कंबर दुखतेय?

कुसाबाई : घसरून मोडलेली कंबर, दुखंल नाय तर काय गाईल? आगं, सहा वाजून गेले. तुझी ती काळी प्यांट कुठाय?

ज्योत्स्ना : कपाटात.

कुसाबाई : गुडघा धरलाय?

ज्योत्स्ना : गुडघा बरा आहे. आता जिमला जायचंच नाही, आई. बंद केलं.

कुसाबाई : योगेश काय बोलला का? ओझरच्या कंपनीच्या बसला निघता निघता काहीतरी टाकून गेला आसंल. येऊ दे त्याला घरी.

ज्योत्स्ना : तुमचा लेक काही बोलला नाही. माझं मीच ठरवलं. हाडं ठिसूळ होतायत म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, सुरू केलं. सहा वर्षं झाली. अंग आंबलेलं असताना पहाटे उठायचं, परत तोच बार खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या. आठवडाभर खाडा झाला की ताकद पुन्हा खाली. या वयात शरीर काही साठवून ठेवत नाही हो.

कुसाबाई : पाणी तरी कुठं साठायचं? काल भरलं म्हणून आज विहिरीवर जायचं चुकलंय का कुणाचं?

ज्योत्स्ना : बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार.

कुसाबाई : मग माझी चुंबळ? लोखंडानं मान सोलली व्हती तुझी. चांगलं मऊ लुगडं फाडून वळून दिली.

ज्योत्स्ना : आहे बॅगेत. पहिल्या दिवशी सगळी जिम हसली. आता बायका विचारतात, तुमच्या सासूबाई आम्हाला वळून देतील का. आणि तुम्हाला सांगितलं नाही कधी, पण बार खांद्यावर आला की मी तुमची ओवी म्हणते मनातल्या मनात. एका ओळीला खाली बसायचं, दुसऱ्या ओळीला वर.

कुसाबाई : कोंची गं?

ज्योत्स्ना : हंड्यावर हंडा बाई, खाली चुंबळ मऊशार…

कुसाबाई : …पाय माझे घाटावर, ध्यान माझं पाण्यावर. आन् एवढं सगळं आसून सोडतीस? खरं काय ते सांग.

ज्योत्स्ना : तुम्ही सांगाल खरं?

कुसाबाई : म्या काय केलं?

ज्योत्स्ना : हा तुमच्या उशाचा तांब्या. जाताना भरून ठेवते. आल्यावर बघावं, तर तस्साच काठोकाठ. मला वाटलं, विसरता. मग तो ताप आला, लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, यांच्या पोटात पाणीच जात नाही. काल रविवार, मी दिवसभर घरात. तांब्या दोनदा भरावा लागला.

कुसाबाई : म्हाताऱ्या माणसाला तहान लागत नाय.

ज्योत्स्ना : आणि रविवारी लागते?

(कुसाबाई तांब्या हातानं पलीकडे सरकवते.)

ज्योत्स्ना : पाणी प्यायलं तर लघवीला उठावं लागेल, आणि उठवायला मी घरात नाही. म्हणून आदल्या रात्रीपासूनच पीत नाही ना? योगेशला सांगायचं होतं, तो थोडा उशिरा निघाला असता.

कुसाबाई : लेकाला सांगू व्हय ते काम? तुझी गोष्ट येगळी. तू मला छातीशी धरतीस आन् मांड्यांनी उठतीस. भरला हंडा हिंदकळत नाय, तशी जाते मी खुर्चीपर्यंत.

ज्योत्स्ना : मग मी थांबते घरी. पाणी पीत जा.

कुसाबाई : थांबू नको.

ज्योत्स्ना : आई…

कुसाबाई : ऐक. तू लगीन होऊन आलीस तवा मी तुझ्या आत्ताच्या वयाची. आल्या आल्या म्हणालीस, "आई, तुम्ही बसा आता, मी करते." मायेनं म्हणालीस गं. मी बसले. हंडा सुटला, जातं सुटलं, मग जिना सुटला. घसरायच्या आधीच मी पडले व्हते, ज्योत्स्ना. तू बसू नको.

ज्योत्स्ना : आणि त्यासाठी तुम्ही घसा कोरडा ठेवून पडून राहणार?

कुसाबाई : दीड तासाचं तर व्हतं.

ज्योत्स्ना : संध्याकाळी जाईन मी. सखुबाई असते तेव्हा स्वयंपाकाला. कसं धरायचं, कसं उठायचं, दाखवते तिला.

कुसाबाई : संध्याकाळी तिथं पोरांचा बाजार भरतो म्हणत व्हतीस. लाज वाटती म्हणून तर पहाट धरली तू.

ज्योत्स्ना : वाटू दे. बारवर चुंबळ टाकली की पोरं आपोआप सरकतील.

कुसाबाई : सरकली नाय तर माझं नाव सांग.

ज्योत्स्ना : सांगते. पण आधी तुम्ही सांगा. तहान लागत नाही?

कुसाबाई : लागती गं. तू दार ओढून घेतलंस, की लगेच लागती.