वीस किलोच्या आत

आतल्या खोलीत कट्ट वाजलं. वजनकाट्याचा पत्रा दबला की वाजतो तसं.

थेसालोनिकीत दुपारच्या झोपेची वेळ. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, गल्लीत सामसूम, ओट्यावर काबुली चणे भिजत पडलेले. फोटिनी ओट्याला टेकून कान देऊन उभी होती. पुन्हा कट्ट. तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन थरथरला आणि तिनं तो चोरी लपवावी तसा घाईघाईनं उचलला.

“हॅलो?... हो, मीच... अगं आर्गिरो, ही काय फोन करायची वेळ झाली? या वेळी फोन वाजला की इथे माणसांना वाटतं, कुणीतरी गेलं. जर्मनीत राहून दुपारची झोपसुद्धा विसरलीस?... नाही गं, माझी कुठली झोप मोडणार... हो, हळूच बोलतेय... मुद्दामच. आई झोपलीय.”

आई झोपली नव्हती.

“काय काढलीस?... तिकिटं? आमची तिघींची?... मिर्तोचंही? अगं पण मी म्हटलं होतं ना, थोडी थांब म्हणून... हो, तू म्हणालीस, आणखी किती थांबायचं. बरोबर आहे तुझं. पण... बरं, सांग. सांग ना, ऐकतेय मी.”

नकाशात इस्तंबूल लिहिलेलं असतं. त्यांच्या घरात मात्र, आईमुळे, त्याला नुसतं ‘शहर’ म्हणायचे, जगात दुसरं शहर नसल्यासारखं. आईचा जन्म तिथला. चौदा वर्षांची असताना तिथून निघाली, ती पुन्हा कधी गेली नाही.

“गुरुवारी निघायचं, रविवारी परत. बरं... तू स्टुटगार्टहून येणार, विमानतळावर भेटणार... हो... बोटीतून फेरी... पुलाखाली बसून मासे. आईला काटे काढून द्यावे लागतील हं... मग मनोरा. मनोऱ्यावर मी नाही चढणार, तू जा मिर्तोला घेऊन... थांब. आर्गिरो, अगं ऐक ना. कुठला गुरुवार म्हणालीस?... ईस्टर झाला की लगेचचा?... अगं बाई! तो ईस्टर तुमचा! जर्मनांचा! आपला तर यंदा त्यानंतर आठवड्यानं, कुठे झालाय तेव्हा? कॅलेंडर बघ. ते नको, बँकेनं दिलेलं. मी पाठवते ते, चर्चचं... बघितलंस?... हं. म्हणजे आपल्या गुड फ्रायडेला तू आईला मासे खायला घालणार आहेस. जी बाई त्या दिवशी भाजीवर तेलाचा थेंब घेत नाही तिला... हसू नकोस. मी कुठे हसतेय?”

ती हसत होती. अंगावरचं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं तसं तिला झालं होतं. तारीखच चुकली. ताईगिरी करणाऱ्या थोरल्या बहिणीचीच चूक. आता दुसरं काही सांगायलाच नको.

“जाऊ दे गं. होतं असं. इतकी वर्षं तिकडे काढल्यावर... रद्द करून टाक. पुढे बघू. उन्हाळ्यात, नाहीतर थंडी पडली की... काय?... उलट बरं? ते कसं?... हं... हं... तिच्या चर्चमध्ये... हो, माहितीय मला. येशूची फुलांची शेज सजवायला मुली जायच्या. ही परड्यांमध्ये लिंबाची फुलं घेऊन... ते उघडं आहे अजून?... तू फोन केलास तिथे? पाद्रीबुवा स्वतः बोलले?... आईचं माहेरचं नाव सांगितलंस त्यांना. आणि ते म्हणाले, फुलं घेऊन या... देवा रे... नाही, छान आहे. छानच आहे. माझा आवाज असाच आहे आज.”

कट्ट.

“पण तिथले चढ, आर्गिरो. ते दगडी रस्ते आणि हिचे गुडघे... चाकांची खुर्ची? हॉटेलवालेच देतात?... लिफ्टही आहे? आत्ता म्हणालीस ना, जुनं घर आहे म्हणून... कुठलं घर?... काय म्हणालीस? पुन्हा सांग.”

फोटिनीनं पायानं स्टूल ओढलं आणि ती बसली.

“आपलं?... म्हणजे आजोबांचं? त्याचंच हॉटेल झालंय?... अगं, तशी घरं ढीगभर असतील. कशावरून तेच?... जिन्याचा कठडा. लोखंडी द्राक्षांचा... हो, खालून तिसऱ्या पायरीशी एक घोस तुटलेला. मामानं चेंडू मारून तोडला होता... फोटोत दिसतो? अजून तुटलेलाच?... आणि खोली तू तीच घेतलीस. गल्लीकडची. तिची... आर्गिरो, रडू नकोस. तू रडलीस की मी पण... नाही, मी नाही रडत. चण्यांचं पाणी उडालं... नाही गं, काही नाही सांगितलं तिला. तूच म्हणालीस ना, तिला थेट शहरात नेऊन उभं करायचं, तोवर गप्प राहायचं. गप्पच आहे मी.”

आतून कुजबुज आली, मग तिच्या लेकीचं, मिर्तोचं खुदकन हसणं, मग पुन्हा तोच आवाज. कट्ट.

“कसला आवाज?... काही नाही. मिर्तो खेळत असेल... नको, आईला नको फोन. झोपलीय म्हटलं ना... काल? कालही झोपली होती. परवाही. म्हातारी माणसं झोपतात दुपारची, तुझ्यासारखी फोन नाही करत सुटत... मी काय लपवतेय? काही नाही लपवत... ओरडू नकोस माझ्यावर. तिथे बसून ओरडणं सोपं आहे... हो, म्हणाले मी तसं. परत घेते शब्द. नाही घेत.”

तिनं स्वयंपाकघराचं दार पायानं लोटून घेतलं.

“आर्गिरो, तू बसलीयस का?... बस आधी... नाही, पडली नाही. ताप नाही. जेवते बिवते सगळं. मध्ये न बोलता ऐकशील?... बघ, बोललीस.

“तू म्हणाली होतीस ना, या विमानात वीस किलोच्या वर सामान चालत नाही, आईचे गरम कपडे जड होतात, आत्ताच एकदा मोजून बघ. तर मी माळ्यावरची बॅग काढली. निळी. आईच्या देखत. आपल्या घरात कधी बॅग पलंगावर ठेवू दिलीय तिनं? गावाला जातानासुद्धा जिन्यात बसून भरायचो आपण. तू नकला करायचीस तिच्या, आठवतं?... मीही हसायचे. तर ती मी पलंगावर ठेवली, भरली, बाथरूममधला काटा आणून त्यावर चढवली. आणि मोठ्यानं म्हटलं, ‘आई, वीसच्या वर एक रुमालसुद्धा नाही हं.’ अगदी सहज. माझ्या तोंडून गेलं ते.”

फोटिनी टेबलावरचं पाणी बोटानं पुसत राहिली.

“हो. शहरातून ग्रीकांना हाकललं, तेव्हाही माणशी तेवढंच नेऊ दिलं होतं. तुला माहितीय, मलाही माहितीय. आपण अंगाईसारखं ऐकलंय ते. पाठ आहे. आणि तरी आठवलं नाही बघ मला. पाठ होतं म्हणूनच बहुतेक.

“तिनं काय केलं? काहीच नाही. आरडाओरडा नाही. उठली, जाडा कोट घातला. कानातले काढून बशीत ठेवले. मग बाबांची अंगठी. बोट सुजलेलं, निघेना, तर साबण लावून काढली. आणि मला म्हणते, ‘जकातीवर काढून घेतात. शेजारणीकडे ठेव, आई. उन्हाळ्यात आलो की देईल ती परत.’... हो. आई म्हणाली. मला... मी काय म्हणणार? ‘बरं’ म्हटलं.

“तेव्हापासून रोज. गल्ली शांत झाली की बॅग भरते, काट्यावर ठेवते, एखादी वस्तू काढते, पुन्हा ठेवते. बॅग लपवली तर उशीच्या अभ्र्यात भरते. काटा लपवला तर रडते, म्हणून ठेवलाय... मिर्तो असते तिच्यापाशी. तिला खेळ वाटतो, आजीबरोबर, तिच्या यायाबरोबर, प्रवासाचा खेळ. मीही म्हटलं, वाटू दे... आणि हळू बोलायचं. खिडकीशी ग्रीक बोलायचं नाही, रस्त्यावर ऐकतात, असं बजावते आम्हाला. म्हणून मी कुजबुजतेय तुझ्याशी. थेसालोनिकीत, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात.”

...

“गेले ना डॉक्टरांकडे. ते म्हणतात, अलीकडचं जाईल, मागचं राहील. जसं काही मागचं म्हणजे खाऊच होता सगळा... बरं होणार नाही, असं नाही म्हणाले. पण डोळ्यांत बघून नाही बोलले.

“घर बघून काय आठवेल तिला, आर्गिरो? विसरलीय कुठे ती? तुला वाटतंय आपण तिला तिथे नेतोय. अगं, ती तिथेच आहे. निघायच्या दिवसावर अडकलीय. मी तिचा हात धरून विमानात बसवलं, तर तिच्या लेखी मी तिला हाकलून नेतेय... आणि समज, नेलं. समज, तिला कळलं, हेच ते, द्राक्षांचा कठडा, तिची खिडकी. मग रविवारी? रविवारी बॅग घेऊन त्याच जिन्यावरून तिला खाली कोण आणणार? तू आणशील?... बोल ना... मी नाही. माझ्यानं नाही होणार ते. तिला एकदा काढलंय तिथून. पुन्हा माझ्या हातानं नाही.”

ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. तिचं ‘हं’ दर वेळी आणखी बारीक होत गेलं.

“नाही गं, तुझी चूक नाही. वीस किलो काय तू ठरवलेस?... आधी सांगायला हवं होतं, हो. पण रोज तुझा फोन यायचा. आज बोट, उद्या मासे, परवा त्या मिठायांचं दुकान. आठवतं, लहानपणी आपण खाटेवर बसून शहराला जायचो? तू बोटवाला व्हायचीस, आणि मी सारखी विचारायचे, आलं का? तसं वाटायचं मला तुझा फोन आला की. सगळं खरं कळत असून वाटायचं, असू दे, अजून थोडा वेळ असू दे... रड. रडून घे. मी आहे फोनवर.

“असं कर, तू इथेच ये. आपल्या ईस्टरला. अंडी रंगवू लाल, मिर्तो वाट बघतेय तुझी... तिला तू ओळखू येशील की नाही, सांगता नाही येत. तुला ती मावशी समजेल कदाचित, नाहीतर शेजारीण. शेजारीण समजली तर बशी तुझ्या हातात देईल. घे तेव्हा. नको म्हणू नकोस... तिकिटं? हो, रद्दच करायला हवीत... आज नको. उद्या कर. आजचा दिवस राहू देत... त्या पाद्रीबुवांना काय सांगशील? फुलांचं?... मला नाही सुचत काही. तू सांग काहीतरी.

“थांब हं जरा. आतून मघापासून आवाज नाहीये... नाही, ठेवू नकोस. बघून येते.”

पण तिला उठावं लागलं नाही. दार हळूच ढकललं गेलं. मिर्तो आत आली, अनवाणी. सकाळी चढवलेला लोकरी स्वेटर अंगात नव्हता, केस मोकळे सुटून डोळ्यांवर आले होते. दोन्ही हातांत तिनं ती बशी सांभाळून धरली होती. बशीत यायाचे कानातले, अंगठी, आणि त्यांच्या शेजारी मिर्तोच्या दोन पिवळ्या क्लिपा.

“आई,” ती कुजबुजली. हळू बोलायची तिलाही आता सवय झाली होती. “बॅग बरोबर वीस झाली. मग यायानं मला उभं केलं काट्यावर. मी एकवीस भरतेय. बूट काढले, स्वेटर काढला, क्लिपासुद्धा काढल्या. तरी एकवीसच. याया रडायला लागली.”

फोटिनीनं फोन कानापासून खाली घेतला.

“आई, मी अजून काय काढू?”