तिन्ही माउंटिंग

थोरली : ब्रेक घट्ट दाबून धर. आता पहिला गियर टाक आणि क्लच जरासा सोड. जरासा म्हटलं, गाडी माझ्या अंगावर घालायची नाहीये.

धाकटी : एवढा?

थोरली : बास. आता रिव्हर्स टाकून तसंच कर. हं, दिसलं. इंजिन बंद कर.

धाकटी : काय दिसलं, ताई?

थोरली : ताई म्हणू नकोस. आपण एका आईच्या पोटच्या नाही. एक नवरा दोघींच्या वाट्याला आला, त्याला नातं म्हणत नाहीत.

धाकटी : मग काय म्हणू?

थोरली : इथे सगळे मिस्त्रीबाई म्हणतात.

धाकटी : म्हणजे ओळखलंत मला.

थोरली : आधी गाडी ओळखली, वळणावर होती तेव्हाच. मग आत कोण असणार हे काही वेगळं सांगायला नको होतं. इकडे वाकून बघ. इंजिन ज्यावर बसतं ती ही माउंटिंग. तीन जागी आहेत, आत रबराचे बुश. इंजिनाची थरथर त्या रबरात जिरायची, पत्र्यात उतरायची नाही. तुझं रबर पार चिरून गेलंय, गियर टाकला की इंजिन अख्खं उसळतंय. हे एक तेवढं नवं दिसतंय. कोणी घातलं?

धाकटी : पुलाजवळ एक गॅरेज आहे, त्यांनी. म्हणाले, एवढं एक बदललं की झालं. पण थरथर उलट वाढलीच हो. परत गेले तर म्हणाले, बाई, जुनी डिझेल गाडी आहे, ती अशीच धडधडणार, सवय करून घ्या. मला होईल सवय. माझं काय.

थोरली : एक नवं आणि दोन मेलेली, मग सगळा भार त्या एकट्यावर येणार. वर त्याने इंजिन जॅकवर लटकत असतानाच बोल्ट आवळलेत, रबराला पीळ बसलाय. तिन्ही बदलायला हवीत. झालं, सांगितलं तुला. आता दुसरीकडे ने. मी नाही करणार.

धाकटी : पुढची सीट बघितलीत?

थोरली : नाहीये तिथे सीट.

धाकटी : काढून टाकली. मागच्या सीटवरून डॅशबोर्डापर्यंत फळी टाकलीय आणि वर गादी. ते त्यावर कुशीवर झोपून येतात. पाठीचा मणका आतून पोखरलाय त्यांचा. सारखं हॉस्पिटलला न्यावं लागतं. हॉस्पिटलच्या गाडीतून नेऊन बघितलं एकदा, पण ते लोक उताणं झोपवतात आणि ह्यांना उताणं होताच येत नाही. म्हणून ही गाडी. चालत असते तोवर ठीक असतं. सिग्नलला उभी राहिली की ही जी थरथर सुरू होते ना, ती फळीतून थेट पाठीत जाते. ओरडत नाहीत, ओठ चावतात. मागच्या खेपेला रक्त आलं ओठातून.

थोरली : आजारी आहे एवढं कानावर आलं होतं. हाडापर्यंत गेलंय ते माहीत नव्हतं. त्याने पाठवलं तुला?

धाकटी : नाही. शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवून आलेय. सांगितलं असतं तर येऊच दिलं नसतं.

थोरली : नसतंच दिलं. कुठल्या तोंडाने देईल? तो गेला त्या दिवशी काय काय घेऊन गेला, माहीत आहे तुला? ही गाडी आणि पान्यांची पेटी. मुलगी पाळण्यात होती. इथे गिऱ्हाइकाची गाडी उघडून ठेवलेली, इंजिन खाली काढलेलं, आणि माझ्याकडे साधा स्क्रूड्रायव्हर नाही. गिऱ्हाईक दारात येऊन उभं. मी म्हटलं, उद्या या. त्या उद्यापासून मी मिस्त्री झाले. हौस म्हणून नाही झाले.

धाकटी : मला म्हणाले होते, तुम्हीच त्यांना घराबाहेर काढलंत.

थोरली : आणि गाडीचं काय सांगितलं?

धाकटी : पहिल्या कमाईतून घेतली म्हणून.

थोरली : माझ्या बाबांची आहे ती. रिटायर झाल्यावर घेतली होती. आईला जग दाखवतो म्हणायचे. सर्व्हिसिंगला म्हणून जावयाकडे दिली आणि जावई तीच घेऊन पसार. मी मागायला निघाले तर मलाच थांबवलं. म्हणाले, आपल्याच माणसाची तक्रार कुठे करायची? शेवटपर्यंत बसने फिरले, आणि आई कुठेच गेली नाही.

धाकटी : खरंच माहीत नव्हतं मला.

थोरली : माहीत असतं तर आणून दिली असतीस?

धाकटी : नाही. तेव्हा नसती दिली. तेव्हा मला सगळंच हवं होतं.

थोरली : चला. एक तरी खरं बोललीस.

धाकटी : अजून एक बोलू? गोळ्यांच्या गुंगीत असले की ते तुमचं नाव घेतात. माझं नाही. पाय मी दाबत असते, भांडं मी देत असते, आणि हाक तुमच्या नावाने. हे तुम्हाला सांगायचं नाही असं ठरवून आले होते.

थोरली : हाक मारून काय म्हणतो?

धाकटी : जाऊ दे.

थोरली : आता तोंड उघडलंस ना? काय म्हणतो?

धाकटी : पाना दे म्हणतात. सतरा नंबरचा.

थोरली : आणि?

धाकटी : तेवढंच. दिला नाही की चिडतात.

थोरली : हसतेस काय?

धाकटी : मी नाही हसत.

थोरली : मग मीच हसत असेन. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात काय काय सुनावलं. वाटायचं, कधीतरी मला आठवून त्यालाही घास जाणार नाही. आणि त्याच्या डोक्यात मी अजून हातात पाना घेऊन उभी. ऊठ. कोपऱ्यातली ती लाकडाची फळी आण.

धाकटी : कशाला?

थोरली : जॅक लावायचाय. मध्ये फळी नसली तर चेंबर फुटेल, सगळं ऑइल खाली. आणि घरी जाऊन भलतं काही सांगू नकोस. गाडी बाबांची आहे म्हणून करतेय.

धाकटी : नवी माउंटिंग आणावी लागतील ना?

थोरली : आहेत माझ्याकडे.

धाकटी : ह्या मॉडेलची? पुलाजवळचा म्हणत होता, आता हा माल कोणी ठेवतच नाही. गाड्याच राहिल्या नाहीत.

थोरली : मी ठेवते. जॅक चढव. हळू, बोल्टवरचा भार जाईल इतकाच. थांब. हा बघ तुझा बुश. हातात चुरा होतोय.

धाकटी : तुमच्या मुलीला त्यांच्या आजारपणाचं माहीत आहे?

थोरली : मीच सांगितलं. बघून यायचंय का, विचारलं. म्हणाली, गेले तर ओळखू कशी? हात मध्ये घालू नकोस, बोट जाईल.

धाकटी : त्यांनी कधी तिचं…

थोरली : नको. ते वाक्य पुरं करू नकोस. बॅटरी धर नीट, माझ्या तोंडावर नाही, बोल्टवर.

(काढलेली तिन्ही माउंटिंग फरशीवर पडली आहेत. नवी जागेवर बसली आहेत. जॅक काढून घेतलेला, इंजिन चालू.)

धाकटी : अजून आवळले नाहीत तुम्ही बोल्ट.

थोरली : इंजिन आपल्या वजनाने बसू दे आधी. घाई केली की परत पीळ बसतो. हं, आता आवळते. तू आत जा आणि त्या फळीवर आडवी हो. तो झोपतो तशीच, कुशीवर.

धाकटी : मी?

थोरली : मग काय मी झोपू? पाठ कळायला पाठच लागते.

धाकटी : झोपले.

थोरली : आता सिग्नलला उभी आहेस असं समज. कळतंय काही?

धाकटी : आवाज येतोय. पाठीत काही नाही.

थोरली : रेस कमी करते. इतक्या कमी रेसवरच जुन्या डिझेल गाड्या जास्त थरथरतात. आता?

धाकटी : जरासं. पोटात मांजर गुरगुरावं तेवढं.

थोरली : तेवढं राहणारच. उतर आता. उतरतेस ना? अगं, काय झालं?

धाकटी : काही नाही. कितीतरी दिवसांनी आडवी झाले. उठवतच नाही.

थोरली : मग पड थोडी. काकू आहेत ना त्याच्याजवळ.

धाकटी : नको. औषधाची वेळ होईल. घरी काय सांगू? कोणी केलं म्हणून सांगू?

थोरली : काहीच सांगू नकोस. तो विचारणार नाही. आपलं दुखायचं थांबलं की ते कोणी थांबवलं, हे त्याने आयुष्यात कधी विचारलेलं नाही.

धाकटी : आणि विचारलंच तर?

थोरली : तर मला कळव.