थोरला, धाकटा आणि कडी

मावशी : हा धरून फोटो काढायचे, की कुणाच्या डोक्यात घालायचा? केवढा जड आहे रे!

भाचा : मावशी, आधी पट्टा गळ्यात अडकव. पडला तर संपलं. याचे सुटे भागसुद्धा मिळत नाहीत आता.

मावशी : आणि तो दुसरा?

भाचा : तोही जुनाच, याच्याच वयाचा. नाटक सोडल्यावर वेळ घालवायला एखादा कॅमेरा बघ म्हणालीस ना, म्हणून माझे दोन्ही घेऊन आलो. हाताळून बघ. आवडेल तो ठेव.

काका : म्हणजे स्थळं दाखवायला आणलीयस. मग गुण सांग बाबा दोघांचे. आणि दोषही सांग, नंतर कटकट नको.

भाचा : सांगतो ना, काका. हा जड आहे ना, हा थोरला समजा. स्वभावाने शांत.

मावशी : आणि तो धाकटा. उनाड.

भाचा : अगदी बरोबर. धाकट्यावर मी फुटबॉलच्या मॅचेस काढतो. एका सेकंदात आठ फोटो! बॉल, पाय, उडालेली धूळ, काही म्हणून सुटत नाही. थोरला तीन काढतानाच धापा टाकतो. पण माणसाचा चेहरा काढायचा तर थोरलाच. याचा आतला सेन्सर मोठा आहे, त्यामुळे कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो. धाकट्याला अंधार सोसत नाही. सगळ्या फोटोवर बारीक दाणे येतात, कुणी वाळू सांडावी तसे.

काका : माझ्या चष्म्यातून सगळेच फोटो तसे दिसतात.

मावशी : तुम्ही चहा टाकणार होतात.

काका : टाकलाय की. उकळतोय. तुझ्यासारखाच, बारीक आचेवर.

मावशी : ऐकलंस? महिनाभर हे असंच चाललंय. मला हसवायचा विडाच उचललाय यांनी.

भाचा : मग हस की. मावशी, खरंच सोडतेस नाटक?

मावशी : सोडतेस काय, सुटलं. पुढचा प्रयोग लागलाय. दिग्दर्शकाला आज सांगायचंय, मी आहे की नाही ते. तालमीआधी फोन येईल त्याचा. नाही म्हणून सांगणार आहे.

भाचा : एकदा विसरलीस म्हणून?

काका : हेच मी म्हणतोय! अरे, ही प्रॉम्प्टरला झोपा काढायला लावणारी बाई. हिच्या नाटकात तो बिचारा विंगेत बसून शब्दकोडी सोडवायचा.

मावशी : तेच तर. तोच प्रॉम्प्टर त्या दिवशी घसा फोडून वाक्य देत होता आणि मी आपली ढिम्म. पडदा पाडावा लागला रे! माझ्यामुळे. भरल्या थिएटरात. पुढच्या रांगेतली एक बाई "अरेरे" म्हणाली, ते अजून जात नाही कानातून. शिव्या घातल्या असत्या तरी परवडल्या असत्या. म्हणून म्हटलं, आता आपण कॅमेऱ्याच्या मागे. तिथे आपलं तोंड कुणाला दिसत नाही.

काका : तू काढून दिलेला हिचा फोटो बघ कुठे गेलाय ते. त्या कॅलेंडरखाली. मी हौसेने खिळा ठोकला, हिने दुसऱ्या दिवशी वर कॅलेंडर टांगलं.

भाचा : अगं, पण का? बक्षीस मिळालंय त्याला. प्रदर्शनात लोक थांबून थांबून बघत होते. जो तो विचारत होता, ही नजर तुम्ही पकडलीत कशी?

मावशी : असेल. चांगलाच असेल. मी नीट बघितलाच नाही. तालमीतला असला म्हणून काय झालं, भूमिका तीच ना? मला नाही बघवत.

भाचा : हं. बरं, ते राहू दे. तू कुणाचे काढणार फोटो?

मावशी : कुणाचे म्हणजे? खिडकीत चिमण्या येतात त्यांचे. समोरच्या गच्चीवर त्या आजी कपडे वाळत घालतात, त्यांचे.

भाचा : मग दोघांची कामंच वेगळी. चिमण्यांना धाकटा, आजींना थोरला. चिमणी काही थांबत नाही, तिथे आठच्या आठ लागतात. आजी थांबतील.

काका : आजी कसल्या थांबतात! पिळलेलं धोतर फेकून मारतील.

भाचा : विचारून काढायचे, काका. थोरल्याची लेन्स जवळची आहे, त्यामुळे समोर जाऊन उभं राहावं लागतं, चार शब्द बोलावे लागतात. धाकट्याला लांबची. कोपऱ्यात बसून काढले तरी समोरच्याला पत्ता नाही.

मावशी : आणि वाजतात किती? चिमण्या उडायच्या.

भाचा : थोरला मऊ वाजतो. हे ऐक. पुस्तक मिटल्यासारखा, हो की नाही? आता धाकटा ऐक. तू खिडकीकडे बघ, उजेड येऊ दे चेहऱ्यावर. तुझेच काढतो.

(धाकटा कॅमेरा सलग आठ वेळा खडखडतो.)

मावशी : दार उघडंच आहे. ये, बाळा.

काका : कोण आलंय? थांब, मी बघतो.

मावशी : कुणी नाही. बसा तुम्ही. कुणी आलेलं नाही.

भाचा : मावशी, मग 'ये' कुणाला म्हणालीस?

काका : अगं, हे तर तुझं नाटकातलं वाक्य.

मावशी : कुठलं आहे ते कळतंय मला! बघितलंत ना? आता तरी पटलं?

काका : काय पटायचं? विसरलेलं वाक्य आठवलं. उलट बरंच झालं की.

मावशी : मी विसरले नव्हते.

काका : म्हणजे?

मावशी : त्या दिवशी मी काहीच विसरले नव्हते. तुमच्याशीसुद्धा खोटं बोलले. तो शेवटचा प्रसंग आठवा. आधी मी नुसती गप्प बसते, बराच वेळ. मग सून बोलते, चांगलं पान-दीड पान. मग विंगेतून आमचे पडद्यामागचं काम बघणारे अण्णा दाराची कडी वाजवतात, मुलगा परत आलाय म्हणून. मग माझं वाक्य. त्या दिवशी मी गप्प बसले होते, थिएटर चिडीचूप, आणि मला कडी ऐकू आली. खड खड खड खड. दाराच्याच बाजूने. मी वाक्य टाकलं, उठले, दार उघडलं. मागे कुणी नाही! आमचा नाटकातला मुलगा लांब उभा राहून मिशी चिकटवत होता. सून माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय. तिथून पुढे सगळं पुसलं गेलं.

काका : मग अण्णांनीच घाई केली असणार.

मावशी : मलाही तसंच वाटलं. पडदा पडल्या पडल्या मी त्यांना बोलले. सगळ्यांसमोर. "डुलक्याच काढायच्या तर घरी बसा" म्हणाले. त्या माणसाने हयात घालवली त्या विंगेत. माझ्याहून मोठे आहेत. एक शब्द उलट बोलले नाहीत. मग बाकीचे सांगायला लागले की अण्णा कडीपाशी नव्हतेच. मागे शिडीवर चढून दिवा बदलत होते. कडी वाजलीच नव्हती. विंगेतल्या कुणीही ऐकली नव्हती. फक्त मी.

काका : थांब, थांब. खडखड झाली होती काहीतरी. मी पार मागे होतो, मला वाटलं कुणाची खुर्ची असेल.

मावशी : मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नका.

काका : बरं. पण मला तरी सांगायचंस.

मावशी : काय सांगू? तुमच्या बायकोला नसलेले आवाज ऐकू येतात म्हणून? विसरले म्हटलं की लोक म्हणतात, वय झालं. हे सांगितलं असतं तर काय म्हणाले असते? अहो, भीतीने अण्णांची माफीसुद्धा मागितली नाही मी. मागायची तर कारण द्यावं लागलं असतं. तेव्हापासून ते थिएटरात पाऊल टाकत नाहीत. आणि आज तर साधा कॅमेरा वाजला तरी मला कडीच ऐकू आली. संपलंय माझं.

भाचा : मावशी, मी... मी निघतो. थोरला राहू दे तुला. धाकटा काही तुझ्या कामाचा नाही.

काका : आता कुठे निघालास? चहा झालाय.

भाचा : नको, काका. परत येईन केव्हातरी. काम आठवलं एक.

मावशी : तोंड का असं पांढरंफटक पडलंय तुझं? मावशी वेडी झाली म्हणून घाबरलास?

भाचा : नाही गं. तसं नाही.

मावशी : मग बॅग कसली भरतोस? तो काढ बाहेर.

भाचा : कशाला?

मावशी : वाजव पुन्हा.

भाचा : नको ना, मावशी. त्रास होतो तुला.

मावशी : वाजव म्हणते ना! ... एकदा नाही. मघासारखा. ... हं. पुरे. अहो, ते कॅलेंडर काढा.

काका : काढलं. बापरे, केवढी धूळ बसलीय यावर. पुसली जात नाही.

मावशी : जायची नाही. धूळ नाही ती, वाळू आहे. आमची तालीम दुपारी असते रे. खिडक्या सताड उघड्या. मग या फोटोत वाळू कशी सांडली?

काका : आणि हे केस बघ. तालमीत तू कधी पांढरी पावडर लावलीस केसांना?

मावशी : कधीचा आहे हा?

भाचा : मावशी...

मावशी : विचारतेय मी.

भाचा : प्रयोगाचा. प्रयोगात काढू देत नाहीत, म्हणून सगळ्यांना तालमीतला सांगितला. तालमीला यायचं मी कबूल केलं होतं, पण मॅच होती, आलो नाही. मग प्रयोगाला मैदानातून तसाच आलो. थोरला घरी होता. घरी जाऊन आणायचा आळस केला. धाकटा आठवरच होता, एकावर आणायचा राहिला. नाही, राहिला नाही. आणलाच नाही. म्हटलं, आठांतला एखादा तरी बरा निघेल.

काका : बसला होतास कुठे?

भाचा : रंगमंचाच्या कडेला, खाली जमिनीवर. दाराच्या बाजूला.

मावशी : म्हणजे मी बघितलं ते तुझ्याकडे.

भाचा : सरळ माझ्याकडे. मला वाटलं, वा, काय नजर मिळाली! तिकडे तुझं सगळं कोसळत होतं आणि मी अंधारात बसून कॅमेऱ्याच्या मागे फोटो बघत खूश होत होतो.

काका : वर बक्षीसही घेऊन आलास.

भाचा : कडीचं मला आत्ता कळलं, काका. शप्पथ. मला ती विसरली एवढंच माहीत होतं. पण कळल्यावर काय केलं मी? बॅग भरायला घेतली. तिला वेड लागलंय असं तिला वाटत होतं आणि मी तिला तशीच टाकून पळत होतो. मला तोंड दाखवायला जागा नाही, मावशी.

मावशी : गप्प बस जरा. एकच सांग. आवाज आला होता?

भाचा : आला होता.

मावशी : खरंच आला होता?

भाचा : खरंच आला होता. तुझं डोकं अगदी ठिकाणावर आहे.

काका : अगं, मग रडतेस काय? पेढे वाट!

मावशी : रडू द्या मला. महिनाभर रात्री उठून बसत होते मी, आणखी काय काय ऐकू येतंय म्हणून. देवा! ... पण अण्णा? त्यांना मी काय काय बोलले हो. कानाला ऐकू आलं हे खरं, पण तोंड तर माझंच होतं ना? आणि मग गप्पही मीच बसले.

भाचा : मी आज दिग्दर्शकाला सगळं लिहून पाठवतो. व्यवस्थित मेसेज करतो.

मावशी : मेसेज? मी अण्णांना मेसेज करून बोलले होते का? त्यांना फोन लाव.

भाचा : तू बोल ना आधी.

मावशी : माझा नंबर बघून उचलायचे नाहीत ते. तुझ्यावरून लाव. आणि आधी तुझं सांग, मग माझ्याकडे दे.

भाचा : ... हॅलो, अण्णा? मी फोटोवाला. मावशीचा भाचा. नाही, फोटोसाठी नाही केला फोन. ते कडीचं... त्या दिवशीच्या कडीचं बोलायचंय. तुम्ही वाजवली नव्हतीत, ते खरंच आहे. ती मी वाजवली. म्हणजे, माझा कॅमेरा वाजला. मावशीला तीच कडी वाटली. ... हो. प्रयोग चालू असताना. ... हो, माहीत होतं मला, काढायचे नसतात ते. ... हो. ... इथेच आहे ती, देऊ का? तिला तुमच्याशी... बरं. ... बरं. सांगतो तिला.

मावशी : दे इकडे. ... ठेवला त्यांनी?

भाचा : ठेवला.

मावशी : काय म्हणाले?

भाचा : म्हणाले, ते बोलणं सगळ्यांसमोर ऐकून घेतलं होतं. आता हेही सगळ्यांसमोरच ऐकेन.

काका : रागावलेले आहेत.

मावशी : रागावू देत. बरोबर आहे त्यांचं. विचारलंस का, आज तालमीला येणार आहेत?

भाचा : येतो म्हणाले. तुम्ही दोघं या, मी येतो, म्हणाले.

मावशी : मग अहो, चहा राहू द्या, गॅस बंद करा. आणि तू ऊठ. चपला घाल.

काका : आणि हे कॅमेरे? दोन्ही इथेच राहू देत?

भाचा : थोरला राहू दे, काका. धाकटा घेतो बरोबर. वाजवून दाखवावा लागेल.