ऑइल टाकलं काय?

अबोल्याचा विषय काढलाच तं आमच्या घरचं आयका. माहा नवरा आन् माहे भासरे, म्हणजे त्याचे मोठे भाऊ, वाटणीपासून एकमेकाशी बोलत नव्हते. वावर वाटलं, घर वाटलं. खांद्याले अडकवून धान कापायची मशीन तेवढी अर्धी करता येत नव्हती, म्हणून दोघांची राह्यली.

त्या मशीनले पेट्रोलमंदी ऑइल मिसळा लागते. मोटरसायकलसारखं निस्तं पेट्रोल चालत नाई. एकदा भासऱ्याईनं पेट्रोलची कॅन आणून आमच्या छपरीत ठेवली. त्याईले वाटलं, ऑइल धाकटा टाकंल. माह्या नवऱ्याले वाटलं, मिसळूनच आणलं असंल. धानाची अर्धी बांधी कापून होत नाई तं इंजन जाम.

वडसा गावच्या मिस्त्रीनं मशीन खोलली आन् म्हणे, "ऑइलचा थेंब नाई याच्यात. सख्खे भाऊ ना तुम्ही? मंग एकमेकाले इचारलं काऊन नाई?"



मशीन दुरुस्त झाली. तवापासून कापणीच्या दिवसात भासरे रोज इचारत, "ऑइल टाकलं काय?" माहा नवरा म्हणे, "टाकलं." तेवढंच. दुसरा शब्द नाई.

औंदा उन्हाळ्यात एका दुपारी भासरे आमच्या दारात येऊन उभे. बराच वेळ चपलेनं माती उकरत राह्यले. मंग म्हणे, "ऑइल टाकलं काय?"

मशीन तं कवाची पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती.

नवऱ्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग त्याईले म्हणे, "टाकलं, भाऊ. ये, बस."

मी चुलीवरच्या चहाच्या गंजात आणखी एक कप पाणी ओतलं.